कललेल्या पंखाकडे

बडोद्याच्या माणसाला मान वर करायला निमित्त लागत नाही. डिसेंबर उजाडला की रस्त्याकडेला दोऱ्याला रंग चढू लागतो, आणि १४ जानेवारीला अख्खं गाव गच्चीवर असतं. दुसऱ्या दिवशीही उतरत नाही; त्या दिवसाला इकडे ‘वासी उत्तरायण’ म्हणतात, म्हणजे शिळी संक्रांत. मी मूळचा बेळगावचा. आमच्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि बायकांचं हळदीकुंकू. आभाळाकडे पाहायचं ते सांबऱ्याच्या बाजूने विमानाचा आवाज आला तर, आणि तेही पोरांनी. १९८९ साली नोकरीसाठी बडोद्याला आलो तेव्हा पहिल्याच उत्तरायणाला चाळीतल्या एका आजीबाईंनी गच्चीवरून ‘काय पो छे!’ अशी आरोळी ठोकली. आपण वेगळ्या मुलखात आलो आहोत, हे मला त्या आरोळीने जेवढं पटलं तेवढं रेल्वे स्टेशनवरच्या पाटीने पटलं नव्हतं.

अशा या गावात, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, मी विमान उडवायला शिकलो. घाबरू नका. विमान पुठ्ठ्याएवढ्या हलक्या फोमचं, दीड मीटर पंखांचं, वजनाने सव्वा किलोच्या आत. आपण जमिनीवर उभं राहायचं, गळ्यात रेडिओचा डबा अडकवायचा आणि दोन अंगठ्यांनी आभाळातलं विमान वळवायचं. माझे शिक्षक होते आमचे चिरंजीव, वय वर्षं चोवीस.

हे सगळं सुरू कसं झालं, ते जरा मागे जाऊन सांगावं लागेल. चिरंजीवांना लहानपणापासून वैमानिक व्हायचं होतं. अभ्यास बरा होता, अंगकाठी बरी होती, मुलाखतीचीही तयारी झाली होती. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. आपल्याला ज्या ठिपक्यांत आकडा दिसतो, त्यात त्याला नुसते ठिपकेच दिसले. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला नीट वेगळे करता येत नाहीत. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो आणि उजव्या टोकाला हिरवा; रात्री समोरून येणारं विमान कुठल्या दिशेला जातं आहे ते त्यावरून ओळखायचं. नियमात काही चूक नव्हती. त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं. रागवायला कुणी नसलं की राग घरातच फिरत राहतो.

वर्षभर तो घरात होता आणि नव्हता. जेवायचा, कामाला जायचा, परत यायचा. मी काही विचारलं की ‘हो’ किंवा ‘नाही’. डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, की हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काही त्रास नसतो, ती फक्त पुढे देते. हे वाक्य सौ.ने ऐकलं आणि त्यावर ती कधीही काही बोलली नाही. घरात तीन माणसं आणि तिघांकडे एकेक न बोललेली गोष्ट.

मग २०२३च्या दिवाळीनंतर तो दर रविवारी पहाटे कुठेतरी जाऊ लागला. परत यायचा तेव्हा पँटला कुसळं चिकटलेली असायची आणि नाक उन्हाने लाल झालेलं. कामगिरी काय, ते चार आठवड्यांनी कळलं: पादऱ्याच्या पुढे एका पडीक शेतात विमानं उडवणाऱ्या लोकांचा एक क्लब जमतो. मी विचारलं, “मी येऊ का?” तो म्हणाला, “या.” वर्षभरातलं ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या पलीकडचं ते पहिलं उत्तर.

मैदान म्हणजे काय, तर गवत कापून केलेली एक पट्टी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल आणि बांबूला बांधलेली फडक्याची चिंधी. ही चिंधी फार महत्त्वाची. विमान उतरताना आणि चढताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, हा पहिला धडा तिच्याकडे पाहून शिकायचा. इतकं दूर का जावं लागतं, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर २०२१च्या ड्रोन नियमांत आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. बडोद्याचा विमानतळ हरणीला, गावाला जवळजवळ चिकटूनच. त्यामुळे हौशी माणसाला गाव सोडावंच लागतं.

क्लबातली मंडळी तऱ्हेतऱ्हेची. शाळकरी मुलं, एक दातांचे डॉक्टर, एक फरसाणवाले, एक सुरतेहून बदलून आलेले बँकेतले साहेब, आणि सगळ्यांचे ‘काका’ असलेले एक निवृत्त गुजराती इंजिनियर. काकांनी जुने दिवस पाहिले होते. तेव्हा बॅटरीवरची मोटर नव्हती. मिथेनॉलमध्ये एरंडेल तेल मिसळून त्यावर चालणारं चिमुकलं इंजिन असायचं. ते बोटाने फिरवून सुरू करायचं आणि घरी गेल्यावर अंगाला एरंडेलाचा वास म्हणून बायकोची बोलणी खायची. रेडिओही निराळे. प्रत्येकाच्या डब्यात एक स्फटिक बसवलेला असायचा आणि त्यावर त्याची लहर ठरायची. दोघांची लहर एकच निघाली आणि दुसऱ्याने डबा चालू केला, की पहिल्याचं विमान खाली. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर लहरींचे क्रमांक आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच डबा चालू करायचा. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे डबे आपापल्या विमानाशी जोडी जमवून घेतात, दुसऱ्याचं ऐकतच नाहीत. काका म्हणाले, “यंत्रं सुधारली, पण चिमटा मागायला गेलं की दोन शब्द बोलणं व्हायचं, ते गेलं.”

रेडिओने वस्तू दुरून चालवायची कल्पना तशी जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात अशी होडी चालवून दाखवली होती. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं नाव घेतात. त्यांचं ‘गफ’ नावाचं विमान १९३७ मध्ये उडालं आणि ते आजही तिकडच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण मला आवडली ती त्याआधीची गोष्ट. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ साली पिळलेल्या रबराच्या जोरावर एक लहानसं विमान पॅरिसच्या बागेत उडवलं. रबरावर उडणारी त्यांची खेळणी पुढे जगभर गेली. त्यातलंच एक, गरगरत वर जाणारं, १८७८ मध्ये एका पाद्रीबाबांनी आपल्या मुलांसाठी घरी आणलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑरव्हिल राइट. बापाने खेळणं आणून दिलं आणि मुलांनी पंचवीस वर्षांनी खरं विमान उडवलं. आमच्या घरी नेमकं उलटं झालं होतं. मुलाने खरं विमान सोडून दिलं होतं आणि बापाला खेळणं आणून दिलं होतं.

उडवणं संपलं की मंडळी सेव-उसळीच्या गाडीवर जमत. सेव-उसळ म्हणजे आपल्या मिसळीची बडोद्याला दिलेली लेक; माहेरचं वळण आहे, पण सासरी चांगली रुळली आहे. एका रविवारी तिथे कुणीतरी तळपद्यांचा विषय काढला. बडोद्यात हा विषय निघतोच, कारण गोष्टीत सयाजीराव महाराज आहेत. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर वेदांतल्या ज्ञानावर विमान उडवलं आणि ते पाहायला महाराज हजर होते, असं सांगतात. तळपदे नावाचे गृहस्थ होते आणि त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरं. पण उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलं-लिहिलं गेलेलं आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातल्या आकृत्या तपासून ती विमानं उडूच शकत नाहीत असं दाखवलं. हे सगळं मी सांगत होतो. चिरंजीव ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “त्याचा गुरुत्वमध्य कुठे होता ते सांगा, मग बघू.” गाडीवर हशा पिकला. मीही हसलो. वर्षभराने पोराच्या एखाद्या वाक्यावर घरातलं माणूस हसलं होतं.

गुरुत्वमध्याचं म्हणणं मात्र अगदी बरोबर होतं. दोन बोटांवर पंख टेकवून विमान तोलायचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तृतीयांश भागावर ते तोललं गेलं पाहिजे. शेपूट जड झाली तर विमान हातात आल्यावर ऐकत नाही. बॅटरी अर्धा इंच पुढे-मागे सरकवून हा तोल साधायचा. बडोद्याला या हातकामाची परंपरा आहे. सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये इथे कलाभवन निघालं, ते हाताला काम शिकवण्यासाठीच. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आणि विमानांशीही या गावाचं नातं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला ‘बडोदा’ हे नाव जोडलेलं होतं आणि ती स्पिटफायर विमानं उडवायची. आता तर २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांनी इथल्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. हवाई दलासाठी घ्यायच्या ५६ विमानांपैकी ४० बडोद्यात तयार व्हायची आहेत.

आता शिकण्याकडे येतो. शिकाऊ माणसासाठी दोन डबे असतात, एक गुरूचा आणि एक शिष्याचा, आणि दोन्ही जोडलेले. गुरूने आपल्या डब्यावरची एक खिट्टी दाबून धरली की विमान शिष्याच्या हातात. खिट्टी सोडली की त्याच क्षणी परत गुरूकडे. चिरंजीव माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा. “तुमचं,” म्हणाला की विमान माझं. “माझं,” म्हणाला की त्याचं. त्या दोन शब्दांच्या मध्ये सुरुवातीला दहा सेकंद असत, मग वीस, मग अर्धा मिनिट.

अवघड गोष्ट एकच. विमान आपल्यापासून दूर जात असतं तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे येऊ लागलं की सगळं उलटं. त्याचं डावं म्हणजे आपलं उजवं. हे समजायला सोपं आहे. अंगठ्याला समजायला महिने लागतात. त्यात माझी अडचण वेगळीच. चिरंजीव उडवायला शिकला तो गुजरातीत. एरवी आमच्याशी मराठी बोलणारा मुलगा घाईच्या क्षणी ओरडायचा, “जमणी! जमणी!” जमणी म्हणजे उजवी, हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. पण लहानपणी बेळगावात कन्नड शेजाऱ्यांच्या पोरांबरोबर सायकल शिकलो, तेव्हा ‘एडक्के’ आणि ‘बलक्के’ कानात बसलेलं. ते आधी जागं व्हायचं, मग मराठी, मग गुजराती. तीन भाषांची डावी-उजवी एकमेकांना वाट देत उभी, आणि तोवर विमान बाभळीच्या दिशेने.

तुमच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्याचं असं होतंच. बाजारात एक भाषा, देवघरात दुसरी, आणि ठेच लागल्यावर तोंडातून कुठली येईल याचा नेम नाही. मला पूर्वी काळजी वाटायची, की मुलाची मराठी पातळ होते आहे. २०१८ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी त्याला मुद्दाम घेऊन गेलो होतो. तो आला, बसला, पुस्तकंही पाहिली. पण त्याची भीतीची भाषा कुठली, हे मला संमेलनात नव्हे, त्या शेतात कळलं.

एके दिवशी त्याने डावं-उजवं म्हणणं सोडूनच दिलं. म्हणाला, “बाबा, दिशा विसरा. विमान तुमच्याकडे येत असेल तेव्हा नुसतं बघा, कुठला पंख खाली गेलाय. ज्या बाजूला पंख कललाय, त्या बाजूला काडी सरकवा. जणू खालून टेकू देताय.” करून पाहिलं, आणि खरंच जमलं. डोक्यात भाषांतर करायचं कामच उरलं नाही. खाली गेलेला पंख दिसतो, अंगठा तिकडे जातो, पंख वर येतो. त्या दिवशी “तुमचं” आणि “माझं” यांच्या मध्ये पहिल्यांदाच तीन मिनिटं गेली.

मग उत्तरायण आलं. संक्रांतीच्या आधी आठवडाभर क्लब बंदच असतो, कारण आभाळात जिकडेतिकडे दोरे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो मिळतो, पक्षी कापले जातात, माणसांचे गळेही कापले जातात. संक्रांत झाल्यावर पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून मैदानातले आणि झाडांवरचे दोरे वेचायचे, असा क्लबचा रिवाज. आम्ही पोतंभर वेचले. तरी कुठल्यातरी बाभळीवरून सुटलेला एक दोरा वाऱ्यावर तरंगत आला आणि आमच्या विमानाच्या पंख्यात गुंतला. मोटर थांबली. चिरंजीवाने “माझं” म्हटलं आणि विमान तसंच तरंगत शेजारच्या तुरीच्या शेतात नेऊन टेकवलं. विमान वाचलं, उजवा पंख मधोमध चिरला.

त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर विमान उताणं पडलेलं होतं. त्याने चिरेत कार्बनची काडी बसवली, गरम गोंद भरला. वरून रंगीत चिकटपट्टी लावायची होती. पट्ट्यांची पिशवी त्याच्यासमोर होती. बरेच जण डाव्या पंखाला लाल आणि उजव्याला हिरवी पट्टी लावतात, खऱ्या विमानाच्या दिव्यांसारखी. त्याने पिशवीत हात घातला, दोन गुंडाळ्या काढल्या, दिव्याखाली धरल्या, आणि मान न वळवता म्हणाला, “आई, यातली लाल कुठली?”

असा प्रश्न त्याने घरात कधीच विचारला नव्हता. चोवीस वर्षं तो अंदाजाने चालवत आला होता. सौ. भांडी आवरत होती. हात पुसून आली, लाल गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि तिथेच खुर्चीवर बसली. मग म्हणाली, “माझे बाबा बाजारातून नेहमी कच्चे टोमॅटो आणायचे. आई त्यांना वेंधळे म्हणायची. सगळे हसायचे. मीसुद्धा.” थोडं थांबून म्हणाली, “त्यांनाही दिसत नसणार. आम्हाला कुणालाच कळलं नाही. त्यांनाही नाही.”

चिरंजीव तिच्याकडे बघत राहिला. आजोबा दांडिया बाजारात राहायचे. त्याचे लाडके होते. तो म्हणाला, “म्हणजे टोमॅटो आजोबांकडून आलाय.” आणि हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मी विमानाचा पंख धरून बसलो होतो, कारण गोंद वाळेपर्यंत तो सोडायचा नव्हता.

मग तिनेच लाल आणि हिरवी दोन्ही पिशवीत परत टाकली. “तुला जे दिसतं ते लाव की,” म्हणाली. पंखाच्या वरच्या बाजूला पिवळा आणि खालच्या बाजूला रुंद काळे पट्टे, असं ठरलं. विमान सरळ आहे की उलटं, हे आता लांबूनही त्याला चटकन कळतं. पुढच्या महिन्यात क्लबातल्या दोघांनी तसेच पट्टे लावले. दातांच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांनाही लाल-हिरव्याची तीच अडचण आहे आणि त्यांनी आजवर क्लबात कुणाला सांगितलेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये एका सकाळी, वारा पडलेला असताना, त्याने दोन डब्यांमधली जोडणी काढली. खिट्टी नाही, “माझं” नाही. सौ. त्या दिवशी मैदानावर आली होती, खुर्चीवर बसून दोन घारींकडे पाहत होती. ऊन तापू लागलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत वर उठतात आणि घारी पंख न हलवता त्यावर चढत जातात. मी विमान चढवलं, चौकोनी फेरी मारली, आठाचा आकडा काढला. बॅटरी सात मिनिटांची. पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, “आता उतरवा.” उतरताना वेग कमी करायचा, पण इतका नाही की पंखाखालची हवा सुटेल. विमान माझ्याकडेच येत होतं, डावा की उजवा कोण जाणे, पण एक पंख कलला. मी तिकडे टेकू दिला. विमान गवतावर दोनदा उडी मारून थांबलं.

चिरंजीव काही बोलला नाही. विमान उचलून आणलं, बॅटरी काढली आणि पंख्यावरचं गवत पुसलं. मग काकांना म्हणाला, “आ मारा पप्पा.” ओळख तर पहिल्या दिवशीच झाली होती. काकांनी मान डोलावली.

तो आता ड्रोन दुरुस्तीचं काम शिकतो आहे. शेतात औषध फवारणारे मोठे ड्रोन त्याच्याकडे येतात. तारांच्या रंगांसाठी त्याने प्रत्येक तारेला अक्षराची चिठ्ठी लावायची पद्धत बसवली आहे. आता त्याच्यासोबतची पोरंही तशीच लावतात. चिठ्ठ्या गुजरातीत असतात. एका डब्यावर मात्र मराठीत लिहिलेलं आहे, ‘आईला विचारणे’. ती त्यांची आपसातली गंमत आहे, मी त्यात पडत नाही.

पावसाळ्यात मैदानात गुडघाभर गवत वाढतं आणि क्लब बंद असतो. लाभपाचम झाली की पहिल्या रविवारी सगळ्यांनी विळे घेऊन जमायचं, असं यंदाही ठरलं आहे. आमच्या घरात विळा एकच आहे. दुसरा या आठवड्यात मंगळबाजारातून आणायचा आहे, आणि चिरंजीव म्हणतो, आईच्या हाताला बसेल असा हलका बघा.